बुलेटच्या डाव्या कव्हरातील खडखड



पहाटे दुधाच्या कॅन लावून जुनी बुलेट डेअरीकडे निघाली की तिच्या धडधडीने गल्ली जागी होते. ती धडधड तिची बोलीच आहे. परंतु त्या धडधडीच्या आत, डाव्या बाजूने, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येत असेल तर तिकडे कानाडोळा करू नका.

जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिनाची ताकद क्लचपर्यंत एक दुहेरी चेन नेते. ही चेन डाव्या कव्हरात तेलात फिरते. वापराने ती लांबते, तिला खालून ताण देणारा टेन्शनर झिजतो आणि सैल चेन आपटू लागते. फार सैल चेन कव्हर घासते आणि तुटली तर कव्हरही फोडते.

आधी आवाज ओळखा

गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये सावकाश चालू ठेवा आणि क्लच दाबा. आवाज थांबला तर दोष गिअरबॉक्सकडे असावा. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लच तपासावा. दोन्ही वेळा खडखड तशीच राहिली आणि थोडा ॲक्सिलरेटर देताच कमी झाली, तर बहुधा चेन सैल आहे.

कामाची रीत

१. इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या. खाली घमेले ठेवा.

२. डाव्या बाजूचा फूटरेस्ट आणि उजव्या गिअरच्या गाडीत ब्रेकचा पायदानही काढा. कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर बसलेले असते. नट काढून कव्हर सरळ बाहेर ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

३. कव्हराच्या आत चेन घासल्याच्या रेघा आहेत का पाहा. टेन्शनरच्या तोंडावर खोल चर पडले असतील तर तो बदला. नायलॉनसारख्या, तेलात टिकणाऱ्या तोंडाचा टेन्शनर आपल्या मॉडेलसाठी मिळाला तर तोच घ्या. धातूवर धातू घासण्याचा आवाज कमी होतो. टायरचा तुकडा चिकटवण्याची युक्ती मात्र करू नका. रबर तेलात फुगते, सुटते आणि चेनमध्ये अडकते.

४. टेन्शनरच्या बोल्टचा लॉकनट सैल करून ताण द्या. वरच्या बाजूला, मधोमध, चेन बोटाने वर-खाली सुमारे ६ मि.मी. म्हणजे पाव इंच हलली पाहिजे. प्लग काढून, गाडी टॉप गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने फिरवा आणि हे माप चार-पाच ठिकाणी घ्या. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही; जिथे ती सर्वात ताठ लागेल तिथले माप धरा. चाक फिरताना बोटे चेनपासून दूर ठेवा. शेवटी लॉकनट आवळा.

५. टेन्शनर शेवटपर्यंत चढवूनही चेन सैलच राहिली तर चेनच बदलावी लागेल. या चेनला जोड नसतो. तिच्यासाठी पुढचे स्प्रॉकेट आणि क्लच एकत्र काढावे लागतात, त्याला पुलर लागतो. हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्या.

६. रबरी रिंग नवी घालून कव्हर बसवा. नट प्रमाणात आवळा. जास्त आवळल्यास कव्हर वाकते आणि तेल गळते. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल लेव्हलच्या स्क्रूपर्यंत भरा. आवाज दाबण्यासाठी कोणी ग्रीस किंवा जाड तेल भरतात. त्याने क्लच चिकटतो आणि दुखणे आतच राहते.

एक चूक टाळा

ही चूक माझ्याच हातून झाली म्हणून सांगतो. आवाज मुळीच नको म्हणून मी एकदा चेन अगदी ताठ केली. खडखड गेली, मी खूश झालो. काही महिन्यांनी इंजिनाचे बेअरिंग गेले. ऐन पेरणीच्या दिवसांत गाडी पंधरा दिवस खोलून पडली आणि बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाला लोक जमले असता मी मात्र पोहोचलो नाही. चेन गरम झाल्यावर तिला थोडी मोकळीक लागते, हे तेव्हा पक्के समजले.

बैलाच्या गळ्यातले जोते आपण ना फार आवळतो, ना सैल सोडतो. चेनचेही तसेच आहे. येत्या सवडीच्या दिवशी तासभर काढा; मुलालाही शेजारी बसवा. त्याच्या हातालाही पाना पेलू द्या.