पहिला लघुपट? वयात येण्याची गोष्ट निवडा!

पहिल्या लघुपटासाठी वयात येण्याची गोष्ट निवडा, असं आवर्जून सांगावंसं वाटतं. शाळा, घर, गल्ली अशी चित्रीकरणाची ठिकाणं हाताशी असतात आणि ते वयही नुकतंच मागे पडलेलं असतं. अडचण असते ती लांबीची. दहा-पंधरा मिनिटांत अख्खं पौगंड मावत नाही. एकच प्रसंग धरा. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये (बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर, २०१४) भर पावसात चिन्मय या मुलाला त्याचे मित्र किल्ल्यावर एकटं सोडून निघून जातात. तेवढ्याचाही लघुपट होईल: हाका मारणं, घाबरणं आणि नंतर त्याच मित्रांशी पूर्वीसारखं न बोलता येणं.

प्रसंगासोबत अडथळाही हवा. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या या मुलाला शालू आवडते, पण जात आड येते; म्हणून निव्वळ प्रेमकथा म्हणून तो सिनेमा पाहताच येत नाही. ‘शाळा’ या सिनेमाच्या मागे आणीबाणीचा काळ आहे. तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या आड नेमकं काय येतं, हे पटकथेला हात घालण्याआधी एका वाक्यात लिहून काढा. बालकलाकारांकडून संवाद घोकून घेऊ नका. प्रसंग समजावून त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. शूटिंगच्या तारखा मात्र त्यांच्या परीक्षा पाहून, पालकांना विचारूनच ठरवा.