विश्लेषण : माजी सैनिक उमेदवाराबद्दल खोटी बातमी आली तर?

लोणावळ्यात नौदलाचे ‘आयएनएस शिवाजी’, पलीकडे देहूरोडची लष्करी छावणी. मावळात निवृत्त जवान निवडणुकीला उभा राहिला आणि मतदानाच्या तोंडावर ‘याला बडतर्फ केले होते’ अशी खोटी बातमी छापून आली, तर?

टीका कुठवर रास्त?
माजी लष्करप्रमुख करिअप्पा १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेला हरले. गणवेश मतांची हमी देत नाही, प्रश्नांपासून सूटही नाही. मात्र सेवेची नोंद खोटी रंगवणे ही टीका नव्हे. भ्रष्टाचार वा देशद्रोहासाठी बडतर्फ झालेल्याला पाच वर्षे निवडणूक लढवता येत नाही. त्यामुळे असा आरोप थेट पात्रतेवरच घाव घालतो.

दाद कुठे मागायची?
आधी संपादकांना लेखी कळवावे. दखल न घेतल्यास प्रेस कौन्सिलकडे. दैनिकाबाबत मुदत दोन महिने. कौन्सिल ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही. खोटेपणामागे प्रतिस्पर्धी उमेदवार असेल, तर निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते.

तोवर काय?
न्याय मिळेपर्यंत मतदान उरकलेले असते. म्हणून उमेदवाराने डिस्चार्ज बुक त्याच दिवशी लोकांपुढे ठेवावे आणि मतदाराने बातमी फॉरवर्ड करण्याआधी ते पाहावे.