फुग्याची किंमत

यंदा डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेत नातीसाठी फुगा घेतला. जुन्या सवयीने त्याचे तोंड चिमटीत ताणून पाहिले. कड एकसारखी वळलेली, रबर कुठेही पातळ नाही. विक्रेत्याला विचारले, "कुठला माल?" तो म्हणाला, "बाहेरचा."

डहाणू म्हटले की वाचकांना चिकू आठवेल, फार तर वारली चित्रे. पण इथे फुग्यांचे छोटे छोटे कारखाने होते, काही आजही आहेत. त्यातल्या एका शेडमध्ये मी बारा वर्षे हिशेब लिहिला. सगळे मला मेहताजी म्हणत. केरळातून पिंपांतून रबराचा चीक यायचा. झाकण उघडले की अमोनियाने डोळे चुरचुरत. फळीवर ओळीने लावलेले साचे त्या रंगीत चिकात बुडवायचे, कड वळायची, भट्टीत तापवायचे आणि मग पावडर लावून फुगे ओढून काढायचे. हे शेवटचे काम तळासरीकडून येणाऱ्या बायकांचे. त्यांच्या हाताचा वेग पाहत राहावा असा! आवणीला त्या गावी जात आणि भात लावून परतत.

अमेरिकेच्या तक्रारीनंतर जागतिक व्यापार संघटनेत निकाल आपल्याविरुद्ध गेला आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरची आयातबंधने उठली. हळूहळू मुंबईच्या घाऊक बाजारातले आमचे व्यापारी चिनी पाकिटे दाखवून भाव पाडून मागू लागले. चिनी माल टाकाऊ म्हणून हिणवणे सोपे असते. मला ते कधी जमले नाही, कारण त्यातला बराचसा चांगला होता आणि गरिबाच्या पोराला फुगा स्वस्त मिळत होता.

खरी गाठ दुसरीकडे होती. केरळच्या रबर उत्पादकाला सांभाळण्यासाठी परदेशी चिकावर ७० टक्के जकात. त्यात गैर काही नाही, तोही शेतकरीच. पण २०१० पासून आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या कराराने तिथल्या बऱ्याच तयार रबरी मालावरची जकात उतरत गेली. म्हणजे कच्चा माल महाग आणि पक्का स्वस्त! खेळण्यांवरची जकात सरकारने २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केली. तोवर आमच्या शेडला कुलूप लागून काही वर्षे झाली होती. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, तेव्हा गेलेल्या कारखान्याच्या जागी नवा येणेही सोपे नाही.

आता वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली आहे. ७६ हजार कोटींचे काम. पेट्या आमच्या दारातच उतरतील.

त्या शेवटच्या पावसाळ्यात एक बाई आवणीला निघताना म्हणाली होती, "मेहताजी, माझी जागा ठेवा हां." मी हो म्हटले. मालकांचा विचार मला ठाऊक होता. वह्या मीच लिहीत होतो. तरी हो म्हटले. भात लावून ती परतली तेव्हा दाराला कुलूप होते.

पुढे ती उंबरगावच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे जाऊ लागली. पहाटे निघायचे, काम असेल तर हजेरी. जत्रेत ती भेटली, नातवंडाचा हात धरून. बोलणे पावसापाण्याचे झाले. कुलपाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.