अंगणांतील ताड

घराभोवतीं झाडें लावावयाचीं ठरलीं म्हणजे शहरांतील गृहस्थ आंबा, नारळ, पारिजातक यांचा विचार करितो. ताडाची आठवण क्वचितच होते. वास्तविक पंख्यासारख्या पानांचा हा उंच वृक्ष अवर्षणास दाद देत नाहीं व सरळ खोडामुळें खालची जागाही फारशी अडवीत नाहीं. मात्र त्याचा स्वभाव न जाणतां तो लावला, तर अनेक वर्षांचे श्रम कुऱ्हाडीच्या एका घावानें वायां जातात.

ताडाची बी रुजते ती निराळ्याच रीतीनें. तिचा कोंब प्रथम वर न येतां जमिनींत खोल उतरतो आणि तेथें रोपाचा आरंभ होतो. म्हणूनच उपटून आणलेलें रोप बहुधा जगत नाहीं. पिकल्या फळांतील ताजी बी कायमच्या जागींच पुरावी. वाळलेलीं पानें व जड फळें उंचावरून पडतात, देठांच्या कडाही करवतीसारख्या असतात. यास्तव भिंतीपासून व वाटेपासून निदान 15 फूट अंतर राखावें.

पुढें धीर हवा. पहिलीं कांहीं वर्षें केवळ पानेंच दिसतात. वडाचें खोड दरवर्षीं जाड होत जातें, तसें ताडाचें होत नाहीं. बुंध्याची जाडी आधीं सिद्ध होते व मगच खोड उंच चढूं लागतें. फुलोरा येण्यास साधारणपणें 12 ते 20 वर्षें लागतात, आणि झाड नर कीं मादी हें तेव्हांच कळतें. ताडगोळे मादीलाच येतात. फळांची आशा असल्यास एकाऐवजीं चार-पांच बिया लावणें शहाणपणाचें.

सर्वांत महत्त्वाचा तो शेंडा. आंब्याची फांदी छाटली तर नवी फुटते. ताडास वाढीचा कोंब एकच. उंची कमी करण्यासाठीं शेंडा तोडला कीं वृक्ष मेलाच. हिरवीं पानेंही उगाच तोडूं नयेत. त्यांच्या खालच्या बाजूस ताडपाकोळी लाळेनें घरटें चिकटविते.

ज्यास शोभेची घाई असेल, त्यानें मेक्सिकोचा वॉशिंग्टोनिया रोबस्टा लावावा. तो पुष्कळ लवकर वाढतो. ताडगोळे मात्र देत नाहीं, आणि शेंड्याचा नियम त्यासही तोच.

तात्पर्य, खड्डा खणण्यापूर्वीं मान वर करून पाहावें. जेथें विजेच्या तारा वा सज्जा आहे, तेथें ताड नको. मोठेपणीं 20 मीटरांहून उंच होणाऱ्या या वृक्षास पाण्यापेक्षां मोकळ्या आकाशाची गरज अधिक.