ब-१२ जीवनसत्त्वाचे जैवसूचक आणि प्रयोगशाळेचे स्वयंचलन

आहार व व्याधी यांचा संबंध केवळ आहाराच्या नोंदींवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी रक्तातील विशिष्ट रेणूंचे, म्हणजेच जैवसूचकांचे मापन आवश्यक ठरते. एकाच रेणूवर विसंबणे किती अपुरे असते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ मध्ये सहा खेड्यांत सुरू केलेल्या मातृपोषण अभ्यासावरून दिसून येते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार दोन-तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ब-१२ कमी होते. मेथिलमेलॉनिक आम्ल मात्र ९० टक्के, तर होमोसिस्टीन ३० टक्के स्त्रियांत वाढलेले आढळले. स्त्रिया त्याच, आणि उत्तरे तीन! होमोसिस्टीन फोलेटच्या अभावीही वाढते. या गटात तो अभाव जवळजवळ नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे तफावत काही अंशी उलगडते. ब-१२ कमी व फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध सर्वाधिक होता. मापनातील चूक कागदापुरती राहत नाही, ती अशी.

शेकडो नमुन्यांत अनेक रेणू मोजावयाचे तर हाताने काम करणे दुष्कर होते. स्वयंचलित यंत्र नळीवरील बारकोड वाचते, ९६ खळग्यांच्या तबकडीत ठरावीक प्लाझ्मा सोडते, त्यात ड्युटेरियमयुक्त प्रमाण-द्रव्य मिसळते आणि प्रथिने वेगळी करून द्रावण मास स्पेक्ट्रोमीटरकडे पाठविते. प्रत्येक तबकडीत एकच मिश्र नमुना पुनःपुन्हा मोजल्याने यंत्राचे विचलनही कळते. हात बदलला की आकडा बदलतो, हा जुना दोष यामुळे बराच कमी होतो.

तथापि यंत्राच्या गतीने रसायनशास्त्र बदलत नाही. मेथिलमेलॉनिक आम्ल व सक्सिनिक आम्ल यांचे रेणुसूत्र एकच आहे. सक्सिनिक आम्ल रक्तात विपुल असते. वेळ वाचविण्यासाठी क्रोमॅटोग्राफीतील पृथक्करण आखडते घेतल्यास एकाचा आकडा दुसऱ्याच्या खाती जमा होण्याचा धोका असतो.

याहून गंभीर अडचण यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीची होय. रक्त काढल्यानंतरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडीत राहतात. सामान्य तापमानात त्याचे प्रमाण तासाला सुमारे १० टक्क्यांनी वाढते. खेड्यातून बर्फाविना आलेली नळी यंत्र तितक्याच अचूकतेने मोजील, पण मोजील ते प्रवासात वाढलेले होमोसिस्टीन. रक्त काढल्याची आणि प्लाझ्मा वेगळा केल्याची वेळ बारकोडशी जोडलेली असेल, तरच असा नमुना ओळखून वगळता येतो.