डोळे आले म्हणजे काय आले?

रुग्णाची हकीकत नीट ऐकली की निम्मे निदान होते, असे आम्हाला कॉलेजात शिकवीत. पण हकीकत कळलीच नाही तर? हल्ली बांधकामावर, वीटभट्टीवर बंगाल, ओडिशा, तेलंगणातून आलेली माणसे दिसतात. ती आजारी पडली की सोबत मुकादम येतो आणि मोडक्या हिंदीत त्यांच्या वतीने तोच बोलतो.

गेल्या वर्षी एका बंगाली मजुराची बायको अशीच आली. मुकादम म्हणाला, "पोट दुखतंय, गॅसची गोळी द्या." बाई मान खाली घालून गप्प. मुकादमाला बाहेर बसवले, सिस्टरला जवळ उभे केले आणि मोबाइलवर गूगलचे भाषांतर उघडून मराठीत विचारले, "शेवटची पाळी कधी आली?" प्रश्न बंगालीत ऐकू येताच बाईने वर पाहिले. दीड महिना झाला होता, दोन दिवस थोडे रक्तही जात होते. परपुरुषासमोर ती हे कशी बोलणार? तातडीने पुढे पाठवले. सोनोग्राफीत गर्भ पिशवीत नसून नळीत असल्याचे दिसले. नळी फुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली.

मात्र या यंत्रावर डोळे झाकून विसंबू नये. आपण सहज म्हणतो, डोळे आले, तोंड आले, पायात गोळे आले, दिवस गेले. याचे शब्दशः भाषांतर परप्रांतातल्या डॉक्टरने ऐकले तर बिचारा काय औषध देईल! अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णाला घरी सोडताना द्यायच्या सूचनांचे गूगलने केलेले भाषांतर स्पॅनिशमध्ये ९४ टक्के बरोबर निघाले, आर्मेनियनमध्ये फक्त ५५ टक्के. चुकीची किंमत मोठी असते. १९८० साली फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या मुलाचे घरचे स्पॅनिशमध्ये 'इन्तॉक्सिकादो' म्हणाले. काहीतरी खाण्यात आले, असा त्यांचा अर्थ. रुग्णालयात तो अमली पदार्थांचा अतिरेक समजला गेला. मेंदूतला रक्तस्राव वेळेत लक्षात आला नाही, आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. तिथे यंत्र नव्हते, माणसेच होती.

म्हणून वाक्य छोटे आणि साधे ठेवावे. 'डोळे आले' न म्हणता 'डोळे लाल झाले, चिकटतात' म्हणावे. आलेले भाषांतर पुन्हा मराठीत उलटवून पाहावे. घोटाळा बहुधा तिथेच सापडतो. गोळ्या किती व केव्हा हे कागदावर सूर्य-चंद्र काढून द्यावे आणि रुग्णाकडून वदवून घ्यावे. शाळकरी मुलाला दुभाषा करून आईच्या पाळीचे प्रश्न विचारू नयेत. ऑपरेशनची संमती घेताना मात्र भाषा जाणणारा माणूसच हवा, फोनवरून का होईना.

आपल्यापैकी जे उपचारासाठी वेल्लोरला किंवा हैदराबादला जातात, त्यांनी तिथली भाषा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावी, म्हणजे इंटरनेट नसले तरी अडत नाही. चालू औषधांची नावे आणि कोणते औषध सोसत नाही, हे मात्र आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून खिशात ठेवावे.