अन्नाचे वावडे असलेले बालक आणि शाळेतील पंगत

मराठीत ‘वावडे’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कोणास कारल्याचे वावडे असते, कोणास पाहुण्यांचे. त्यामुळे इयत्ता पहिलीत नाव घातलेल्या बालकाची आई वर्गाच्या दारात येऊन, “गुरुजी, ह्याला शेंगदाण्याचं वावडं निघालंय, डाक्टरनं चिठ्ठी दिलीया,” असे सांगते, तेव्हा ऐकणाऱ्यास तो लाडावलेल्या मुलाचा हट्ट वाटण्याचा संभव असतो. वैद्यकशास्त्र ज्यास अॅलर्जी म्हणते, ते वावडे अगदी निराळे होय. आवडीनिवडीशी त्याचा काही संबंध नसतो, आणि प्रसंगी ते काही मिनिटांत जिवावर बेतते.

‘अॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजिला. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात जी संरक्षक व्यवस्था असते, ती एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनास शत्रू समजते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवते. पुढे तेच अन्न पोटात गेले की हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम मोकळी होतात. मग अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, वांती होते, पोटात कळा येतात, खोकला व घरघर लागते. हे बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत घडते. ‘पित्त उठले’ किंवा ‘दृष्ट लागली’ म्हणून घरोघरी जे सांगितले जाते, त्यातील काही प्रकरणे याच जातीची असू शकतात. दूध पचत नसल्याने पोट फुगणे किंवा जुलाब होणे हा मात्र वेगळा विकार आहे. तसेच शाळेतील आहारानंतर अनेक मुलांस एकदम वांत्या होऊ लागल्या तर ती विषबाधा समजावी. सर्वांनी तेच अन्न खाऊन एकाच मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, तर वावड्याचा संशय घ्यावा.

हा विकार आपल्याकडे विरळा आहे. कर्नाटकातील शाळकरी मुलांची जी पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली, तीत खरे वावडे असण्याचा संभव हजारी एक-दोन मुलांतच दिसला. परंतु रक्तात एखाद्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे मात्र शेकडा १९ मुलांत सापडली. म्हणजे केवळ रक्ततपासणीच्या कागदावरून वावडे ठरत नाही. खाल्ल्यावर नेमके काय झाले व किती वेळाने झाले, याची हकीकत तपासणीइतकीच महत्त्वाची असते. म्हणून घाबरलेल्या पालकांनी दूध, अंडी, डाळी, गहू असे सारेच बंद केले असल्यास, डॉक्टरांनी नेमके काय वर्ज्य सांगितले आहे ते पुन्हा विचारून घेण्यास त्यांस सांगावे. माणसारख्या कोरडवाहू मुलखात भाकरीबरोबर कडधान्ये आणि थोडे दूध हाच मुलांचा मुख्य आधार. तो विनाकारण तुटला तर वावड्याऐवजी कुपोषणाची चिंता करावी लागेल.

शेळीच्या दुधाविषयी येथे मुद्दाम सांगावयास हवे. माण तालुक्यात घरोघरी शेळ्या आहेत आणि गाईचे दूध सोसत नसेल तर शेळीचे द्यावे, असा सल्ला वडीलधारी माणसे मोठ्या विश्वासाने देतात. परंतु दोन्ही दुधांतील प्रथिने इतकी सारखी असतात की, गाईच्या दुधाचे खरे वावडे असणाऱ्या बहुतेक मुलांस शेळीचे दूधही बाधते.

आता शाळेच्या स्वयंपाकाकडे वळू. २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणाऱ्या योजनेत आता रोज एकच खिचडी नसते. सोयाबीन पुलाव, चना पुलाव, मूगडाळ, मोड आलेली कडधान्ये असे पदार्थ आलटून पालटून होतात. शेंगदाणा, दूध, अंडे यांप्रमाणे सोयाबीन व हरभरा यांचेही वावडे काहींस असते. त्यामुळे आठवड्याचा तक्ता स्वयंपाकीताई व पालक यांच्यासमवेत एकदा बसून वाचावा. शेंगदाण्याचा कूट ही तर आपल्या स्वयंपाकघराची सवयच आहे. उसळीत कूट, चटणीत कूट, कोशिंबिरीत कूट. भाजल्याने किंवा शिजविल्याने त्याचा दोष जात नाही. घाण्याच्या तेलातही शेंगदाण्याचा अंश राहतो. कुटाच्या भाजीत बुडविलेली पळी तशीच भातात घातली तरी पुरे होते. म्हणून अशा बालकाचे अन्न आधी काढून झाकून ठेवावे व त्यासाठी वेगळी पळी ठेवावी. जेवणानंतर सर्वच मुलांनी साबणाने हात धुवावेत. हातास चोळावयाच्या जंतुनाशकाने अन्नाचा अंश निघत नाही. टँकरच्या दिवसांत पाणी बेताचे असते हे खरे. तेव्हा निदान त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलांचे हात ओल्या फडक्याने नीट पुसले जातील असे पाहावे.

पळी वेगळी असावी, परंतु पंगत वेगळी नसावी. आपल्या गावांत वेगळ्या ताटाला आणि दूर बसविण्याला जुना, कडवट अर्थ आहे. कारण न सांगता मुलास भिंतीशी एकटे बसविले, तर इतर मुले आपापल्या घरी ऐकलेला अर्थ त्यास चिकटवितील. त्याने पंगतीतच, समजूतदार सोबत्याशेजारी बसावे. आणि ‘याच्या अंगाला शेंगदाणा चालत नाही, म्हणून कोणी आपल्या ताटातले त्याला द्यायचे नाही,’ हे वर्गास उघड, साध्या शब्दांत सांगावे. संक्रांतीचा तिळगूळ, वाढदिवसाची चॉकलेटे, म्हसवडच्या यात्रेहून आणलेला खाऊ या वेळी खरी परीक्षा असते. पाकिटावर त्यातील शेंगदाणा, दूध, सोया आदी घटक छापणे कायद्याने आवश्यक आहे. सुट्या फरसाणावर काहीच लिहिलेले नसते, म्हणून ते देऊच नये.

इतके करूनही चूक घडू शकते. केवळ दोन-चार गांधी उठल्या असतील तर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध द्यावे आणि मुलास नजरेआड होऊ देऊ नये. परंतु श्वास लागला, आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, वांत्या थांबेनात, मूल निस्तेज पडू लागले, यांपैकी काहीही दिसले तर क्षणभरही वाट पाहू नये. अंगावर गांधी नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. कधी त्या उठतच नाहीत. या अवस्थेत खरा उपाय एकच, मांडीच्या स्नायूत दिलेले अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. खाजेवरची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. लिंबूपाणी पाजणे, घशात बोटे घालून वांती करविणे, अंगारा लावीत बसणे यांत मोलाची मिनिटे जातात. मुलास आडवे निजवून पाय उंच करावेत. श्वास लागला असेल तर बसू द्यावे. चालवीत मात्र नेऊ नये. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका वाडीवस्तीवर पोहोचण्यास वेळ लागेल असे दिसल्यास मिळेल त्या वाहनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि निघतानाच केंद्रास कळवावे. दहिवडीहून साताऱ्याचे सामान्य रुग्णालय साठाहून अधिक किलोमीटर दूर आहे. म्हणून पहिले इंजेक्शन जवळच्या जवळ कोठे मिळेल, ते प्रसंग येण्यापूर्वीच वैद्यकीय अधिकाऱ्यांस विचारून ठेवावे. बरे वाटू लागले तरी काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात. तेव्हा डॉक्टरांनी थांबावयास सांगितल्यास मुलास तेथेच ठेवावे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून अर्ध्या पानाची नोंद करावी: वर्ज्य अन्न, लक्षणे, औषध, दूरध्वनी क्रमांक. एक प्रत वर्गात, एक स्वयंपाकघरात, एक अंगणवाडीत धाकटे भावंड असेल तर तेथेही. आपल्याकडे अनेक आईबाप ऊसतोडीला किंवा गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात जातात आणि मूल आजीपाशी राहते. आजीस वाचता येत नसेल, तर ती नोंद घरी जाऊन तिला वाचून दाखवावी व तिच्याकडून ती पुन्हा वदवून घ्यावी. दूध व अंडी यांचे वावडे पुष्कळ मुलांत वयाबरोबर ओसरते, शेंगदाण्याचे क्वचित. परंतु ‘थोडे देऊन बघू’ हा प्रयोग घरी किंवा शाळेत करावयाचा नसून तो रुग्णालयातच होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी ही नोंद त्यांच्यापुढे ठेवावी. मूल दुसऱ्या शाळेत गेले, तर दाखल्याबरोबर तिची प्रतही न विसरता पाठवावी.